व्हिडिओतला धक्का नेमका कुठे असतो?

माहितीपटात बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव पडद्याच्या डाव्या कडेतून आत येते आणि ठरल्या जागी थांबते. हालचाल एवढीशीच, पण ती खटकली की संकलकाच्या खुर्चीमागे उभा असलेला प्रत्येक जण एकच सांगतो, "जर्क येतोय, जरा स्मूद कर." मग कुणी टाइमलाइन ६० फ्रेमची करतो, कुणी मोशन ब्लर लावतो, कुणी ऑप्टिकल फ्लो चालू करून पाहतो, तर कुणी ग्राफिक्स कार्डच बदलायला सांगतो. यातला प्रत्येक उपाय कुठे ना कुठे बरोबर असतो. मात्र धक्का वेळेच्या वाटणीत आहे, फ्रेमच्या संख्येत आहे, पिक्सेलच्या हिशेबात आहे की केवळ संगणक मागे पडल्यामुळे दिसतो आहे, हे न पाहता केलेला उपाय वाया जातो आणि पुष्कळदा चित्र आणखी बिघडवतो. माझे मत स्पष्ट आहे: ॲनिमेट केलेल्या हालचालीत दोष बहुतेकदा वेळेच्या वाटणीत असतो, आणि आपण तो फ्रेमच्या संख्येत शोधत बसतो.

दोन कीफ्रेमच्या, म्हणजे हालचालीचे टप्पे ठरवून देणाऱ्या दोन फ्रेमच्या, मधे काय घडते, हा या सगळ्या प्रश्नाचा गाभा आहे. हाताने चित्रे काढण्याच्या काळात मुख्य ॲनिमेटर पात्राच्या महत्त्वाच्या मुद्रा काढी आणि मधली चित्रे इन-बिट्वीनर भरत असे. पण मधली चित्रे कुठे पडावीत, हे त्याच्या मर्जीवर सोडलेले नसे. मुख्य ॲनिमेटर कागदाच्या कडेला एक उभी रेघ ओढून तिच्यावर आडव्या खुणा करी: सुरुवातीला खुणा दाटीवाटीने, मधे विरळ, शेवटी पुन्हा दाट. म्हणजे पात्र हळूहळू वेग घेई आणि हळूहळू थांबे. डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात ॲनिमेशनची जी बारा तत्त्वे मांडली, त्यात या दाट-विरळ खुणांना 'स्लो इन, स्लो आउट' म्हणून स्वतंत्र जागा आहे. शेजारीच दुसरे तत्त्व आहे, सजीवांची हालचाल सरळ रेषेत नव्हे तर कमानीत होते हे. आजच्या सॉफ्टवेअरमधली निम्मी बटणे या दोन तत्त्वांतून आलेली आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मधली चित्रे संगणकाकडून काढून घेण्याचे काम १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी केले. त्यांच्या यंत्रणेवर पीटर फोल्डेस यांनी केलेला 'हंगर' हा लघुपट १९७४ साली आला. त्यानंतर मधल्या चित्रांचे कष्ट संपले, पण त्यासोबत कागदाच्या कडेची ती खुणांची रेघही गेली. संगणकाला काही सांगितले नाही, तर तो दोन कीफ्रेममधले अंतर सर्व फ्रेममध्ये सारखे वाटून टाकतो. पडद्यावरचे नाव मग पहिल्याच फ्रेमला पूर्ण वेगाने निघते आणि शेवटच्या फ्रेमला भिंतीवर आदळल्यासारखे थांबते. जगातली कुठलीही वजनदार वस्तू अशी निघत नाही, अशी थांबत नाही, म्हणून डोळा ते मानत नाही.

उपाय सापडला तो मोटारींच्या कारखान्यांत. गाडीच्या अंगाची वळणे गणितात बसवण्यासाठी फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल द कास्तेल्झो यांनी आणि रेनोच्या पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे एकाच जातीच्या वक्ररेषा शोधल्या. बेझिए यांचे नाव त्यांना चिकटले. आज आफ्टर इफेक्ट्सचा ग्राफ एडिटर उघडला की कीफ्रेमला दोन दांड्या लटकलेल्या दिसतात, त्या याच. आफ्टर इफेक्ट्स जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या कोसा नावाच्या छोट्या कंपनीने आणले. दोन वर्षांच्या आतच ते आल्डसमार्गे अडोबीकडे गेले. त्यातली एफ-९ ही कळ, म्हणजे 'इझी इज', बहुधा जगात सर्वांत जास्त दाबली गेलेली ॲनिमेशनची कळ असावी.

ती दाबल्यावर काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, नावाची पट्टी २० फ्रेममध्ये ८०० पिक्सेल सरकायची आहे. समान वाटणीत ती प्रत्येक फ्रेमला ४० पिक्सेल सरकेल. इझी इजमध्ये दोन्ही दांड्यांचा प्रभाव ३३.३३ टक्के असतो. तेव्हा पहिल्या फ्रेमला ती जेमतेम ६ पिक्सेल हलते, पाचव्या फ्रेमपर्यंत १२५, दहाव्यापर्यंत ४००, पंधराव्यापर्यंत ६७५ पिक्सेल जाते आणि अलगद थांबते. टोके मऊ झाली. पण अंतर तेवढेच आणि वेळही तेवढाच असल्यामुळे टोकांना वाचवलेला वेग मधे फेडावा लागतो. मध्यावर पट्टी आता फ्रेममागे सुमारे ६० पिक्सेल उडी घेते, म्हणजे समान वाटणीच्या दीडपट. दांड्यांचा प्रभाव ८०-९० टक्क्यांवर ओढला, तर ही उडी आणखी लांबते. "इज लावला तरी मधेच झटका दिसतो" या नेहमीच्या तक्रारीचे कारण हे आहे. तिथे दांडी आणखी ओढणे हा उपाय नाही. हालचालीला चार-सहा फ्रेम जास्त द्याव्या लागतात, किंवा मोशन ब्लर लावावा लागतो. ब्लरकडे पुढे येऊच.

दोन्ही टोकांना सारखाच इज लावण्याची सवयही मोडायला हवी. पडद्याबाहेरून येणाऱ्या वस्तूचा प्रारंभ प्रेक्षकाला दिसतच नाही. तिने वेगात यावे आणि लांबवर मऊ थांबावे. जाणाऱ्या वस्तूचे उलट. रॉबर्ट पेनर यांनी २००० च्या सुमारास फ्लॅशसाठी लिहिलेली इझिंगची समीकरणे, म्हणजे क्वाड, क्यूबिक, एक्स्पो, इलॅस्टिक, बाउन्स ही नावे, आज वेबपासून मोबाइलच्या संकलन-ॲपपर्यंत सगळीकडे पसरली आहेत आणि त्यांचा मोठा उपयोग आहे. तरीही तयार वक्र निवडणे आणि आलेख वाचता येणे यांत फरक आहे. अलाइट मोशनसारख्या ॲपमध्ये स्टेटसचे व्हिडिओ करणाऱ्या मुलांनाही आलेख हाताने ओढता येतो. बरेच जण तो उघडतच नाहीत.

बेझिए वक्राचा एक हमखास त्रास आहे. एखाद्या वस्तूला तीन सेकंद एका जागी स्थिर ठेवायचे म्हणून सारख्याच किमतीचे दोन कीफ्रेम लावले, तरी ती त्या तीन सेकंदांत हळूच पुढे जाऊन परत येते. कारण स्थानाचा मार्ग आपोआप वळणदार केला जातो आणि वळण आधीच्या-नंतरच्या बिंदूंचा विचार करते. अशा वेळी मार्गाची पद्धत सरळ करावी लागते किंवा कीफ्रेम 'होल्ड' करावा लागतो. एका मार्गावर पाच-सहा बिंदू असतील आणि प्रत्येक बिंदूपाशी वस्तू दचकत असेल, तर मधले कीफ्रेम 'रोव्हिंग' करावेत. मार्ग तोच राहतो, वेळ मात्र पहिल्या ते शेवटच्या बिंदूपर्यंत एकसंध वाटला जातो.

झूमचे गणित तर जवळजवळ सगळेच चुकतात. चित्र तीन सेकंदांत १०० वरून ४०० टक्के करायचे आणि वाटणी समान ठेवायची, तर पहिल्या सेकंदात ते दुप्पट होते आणि शेवटच्या सेकंदात, ३०० वरून ४०० जाताना, फक्त एक तृतीयांशाने वाढते. डोळा बेरीज पाहत नाही, पट पाहतो. म्हणून असा झूम सुरुवातीला धावतो आणि पुढे दमतो. सम वाटण्यासाठी प्रत्येक फ्रेमला तितक्याच पटीने वाढ हवी; आफ्टर इफेक्ट्समध्ये त्यासाठी 'एक्स्पोनेन्शियल स्केल' आहे. उपग्रहावरून थेट गावच्या देवळापर्यंत उतरणारे दृश्य करणाऱ्याला याच्याशिवाय गत्यंतर नाही.

आता ब्लर. तो नसला की काय होते, हे स्टॉप-मोशनमध्ये दिसते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ साली, रोपाची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपून 'अंकुराची वाढ' केला आणि १९१५ साली 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यांना हलते केले. मराठी माणसाच्या हातून झालेली ही ॲनिमेशनची पहिली पावले. असे स्टॉप-मोशन कुठलेही पाहा, त्यात एक खास तुटकपणा असतो, कारण प्रत्येक फ्रेम घेताना वस्तू स्थिर असते. खऱ्या कॅमेऱ्यापुढे धावणारा माणूस शटर उघडे असताना थोडा पुढे सरकतो आणि फ्रेमवर किंचित पुसट उमटतो. तो पुसटपणा पुढच्या फ्रेमकडे बोट दाखवतो. स्टॉप-मोशनला ही उणीव इतकी जाचली की १९८१ च्या 'ड्रॅगनस्लेयर'साठी फिल टिपेट आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या मंडळींनी शटर उघडे असतानाच बाहुलीला मोटारींनी हलवण्याची 'गो-मोशन' पद्धत काढली. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लोरेन कार्पेंटर यांनी संगणकीय चित्रात हाच पुसटपणा गणिताने आणून दाखवला. बिलियर्डच्या फिरत्या चेंडूंचे त्यांचे चित्र आजही पाठ्यपुस्तकांत असते.

सिनेमात शटर साधारण १८० अंशांचे, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडे, ठेवण्याची परंपरा आहे: २४ फ्रेमला १/४८ सेकंद, आपल्याकडच्या २५ फ्रेमला १/५० सेकंद. आफ्टर इफेक्ट्समध्येही शटर अँगल मुळात १८० असतो. वरच्या उदाहरणातली पट्टी मध्यावर ६० पिक्सेल उडी घेते. १८० अंशांत तिच्यामागे ३० पिक्सेलचा पुसट माग उमटतो आणि उडीतली निम्मी रिकामी जागा भरून निघते. प्रीमियरमध्ये नेहमीच्या मोशन कंट्रोलने ही सोय मिळत नाही, 'ट्रान्सफॉर्म' इफेक्ट लावून शटर अँगल द्यावा लागतो. दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये ट्रान्सफॉर्मच्या सेटिंगमध्येच मोशन ब्लर आहे. ब्लर मोजून लावावा. अक्षरे वाचायची असतील तिथे ३६० अंशांचा ब्लर नुसता चिखल करतो, आणि संथ हालचालीला ब्लरने काहीही फरक पडत नाही.

संथ हालचालीचा आजार वेगळाच असतो. जुन्या छायाचित्रावर कॅमेरा हळूहळू आत जातो तो झूम घ्या. केन बर्न्स यांच्या माहितीपटांमुळे तो त्यांच्या नावाने ओळखला जातो, पण कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डच्या 'सिटी ऑफ गोल्ड'मध्ये १९५७ सालीच तो फार देखणा वापरला गेला होता. समजा, १९२० पिक्सेल रुंद फोटो १० सेकंदांत १०० वरून १०५ टक्के करायचा आहे. प्रत्येक कड एकूण ४८ पिक्सेल सरकणार, आणि २५ च्या हिशेबाने फ्रेम होतात २५०. म्हणजे फ्रेममागे पिक्सेलच्या एक पंचमांशाहूनही कमी. सॉफ्टवेअर पिक्सेलचे अंश पाळत असेल, तर ठीक. पूर्णांकात गोळाबेरीज करत असेल, तर कड पाच फ्रेम जागेवर थांबते आणि सहाव्याला टुणकन सरकते. डावी-उजवी आणि वर-खाली वेगवेगळ्या फ्रेमला सरकल्यामुळे चित्र थरथरते. एफएफएमपेगच्या 'झूमपॅन' फिल्टरचा हा प्रसिद्ध दोष आहे, आणि फोटो आधी कित्येक पट मोठा करून मग झूम करणे हा त्यावरचा रुळलेला तोडगा आहे. इथे फ्रेमरेट दुप्पट केला तर काहीच साधत नाही.

श्रेयनामावली वर सरकवताना हाच हिशेब उलटा उपयोगी पडतो. १०८० ओळींच्या पडद्यावर फ्रेममागे बरोबर ४ पिक्सेल वेग ठेवला, तर २५ फ्रेमला एक नाव तळापासून माथ्यापर्यंत १०.८ सेकंदांत जाते. ३ पिक्सेल ठेवला, तर १४.४ सेकंदांत. मधला साडेतीनचा वेग पकडला की देवनागरीची शिरोरेषा प्रत्येक फ्रेमला कधी धारदार, कधी पुसट होत लुकलुकते. आडव्या रेघेने जोडलेल्या लिपीला हा त्रास रोमन लिपीपेक्षा ठळक जाणवतो. मराठीत शीर्षके करणाऱ्यांनी पूर्णांकाचा नियम पाळावाच. वृत्तवाहिन्यांच्या तळपट्टीचेही असेच आहे: इंटरलेस प्रसारणात ती सेकंदाला ५० फील्डने, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांनी, सरकते म्हणून सफाईदार दिसते, तीच क्लिप २५ फ्रेममध्ये उतरवून समाजमाध्यमावर टाकली की अडखळू लागते.

मिश्र फ्रेमरेटचा प्रश्न लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना रोज भेटतो. कॅमेरा ५० फ्रेमवर, पाहुण्यांचे मोबाइल ३० वर, टाइमलाइन २५ ची. पन्नासचे पंचवीस होताना एक आड एक फ्रेम गळते, कुठे खोट येत नाही. तिसाचे पंचवीस होताना मात्र दर सहावी फ्रेम गळते, म्हणजे सेकंदाला पाच बारीक उड्या. वरातीवरून संथपणे कॅमेरा फिरवला असेल तर त्या मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. त्यात मोबाइल प्रकाश आणि प्रोसेसरच्या सोयीने फ्रेमचे अंतर कमी-जास्त करत असेल, तर टाइमलाइनवर टाकण्याआधी क्लिप स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घेणेच शहाणपणाचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/६० शटरने घेतलेल्या चित्रात मंगल कार्यालयाच्या ट्यूबलाइट लहरत राहतात, तो दोष हालचालीचा समजून भलतेच उपाय होतात. संपूर्ण काम भारतातच दिसणार असेल, तर मोबाइलही शक्य तिथे २५ किंवा ५० वर ठेवायला सांगावे.

राहिला सर्वांत लोकप्रिय उपाय: नसलेल्या फ्रेम नव्याने तयार करणे. याचा पाया १९८१ सालचा. बर्थोल्ड हॉर्न आणि ब्रायन शुंक यांनी, तसेच ब्रूस लुकास आणि ताकेओ कानादे यांनी, एका फ्रेममधला ठिपका पुढच्या फ्रेममध्ये कुठे गेला हे हुडकण्याच्या पद्धती त्या वर्षी मांडल्या. त्याच कल्पनेवर ट्विक्स्टर, आफ्टर इफेक्ट्समधले 'पिक्सेल मोशन', प्रीमियरचा आणि रिझॉल्व्हचा ऑप्टिकल फ्लो उभे आहेत. रिझॉल्व्हचा 'स्पीड वार्प', खुला उपलब्ध असलेला 'राइफ' आणि गुगलचा २०२२ सालचा 'फिल्म' यांनी त्याला न्यूरल नेटवर्कची जोड दिली. मोकळ्या आकाशात उडणारा पक्षी, सरळ जाणारी बोट, शांत चेहरा यांवर हे आश्चर्यकारक काम करते. पण जिथे एक वस्तू दुसरीच्या मागे लपते आणि पुन्हा उघडी पडते, तिथे लपलेल्या भागाची माहिती मुळातच नसते. मग बोटांच्या मधे त्वचेचा पडदा तयार होतो, पंख्याची पाती वितळतात, कुंपणाच्या सळ्या वाकतात. शीर्षकाची अक्षरे चित्रात मिसळलेली असतील, तर तीही मागच्या दृश्याबरोबर ओघळतात. स्वतः केलेल्या ॲनिमेशनला ऑप्टिकल फ्लो लावणे मला कधीच पटले नाही. कीफ्रेम आपल्या हातात असताना संगणकाला मधल्या जागेचा अंदाज बांधायला का लावायचे? मूळ प्रोजेक्ट ५० फ्रेमवर पुन्हा रेंडर करावा. मधल्या फ्रेम खऱ्या मिळतात.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनवर हा प्रयोग करणाऱ्यांबद्दल तर मला खरोखर वाईट वाटते. जुनी कार्टून ६० फ्रेमची करून दाखवण्याची सध्या चढाओढ आहे. एक चित्र दोन फ्रेम धरणे, मुद्रा क्षणभर गोठवून एकदम पुढची देणे, हे ॲनिमेटरचे विचारपूर्वक घेतलेले निर्णय असतात. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०१८) नवखा नायक माइल्स सुरुवातीच्या दृश्यांत दोन-दोन फ्रेमला एक चित्र अशा तुटक चालीने हलतो आणि मुरलेला पीटर पार्कर फ्रेमला एक चित्र अशा सफाईने, दोघांच्या अनुभवातला फरक न बोलता कळतो. या दृश्यावर ऑप्टिकल फ्लो फिरवला, तर दोघे सारखेच होतील आणि कथेतले एक वाक्य पुसले जाईल.

घरातला टीव्हीही हेच उद्योग परस्पर करतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी प्रेक्षकांना टीव्हीचे मोशन स्मूदिंग बंद करण्याची विनंती करणारा व्हिडिओ काढला, आणि २०१९ मध्ये टीव्ही कंपन्यांच्या व स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्सने 'फिल्ममेकर मोड' आणला. चित्रपटच जास्त फ्रेमवर घेण्याचे प्रयोग मी याहून निराळे मानतो. पीटर जॅक्सन यांचा 'द हॉबिट' (२०१२) ४८ फ्रेमवर आणि आंग ली यांचा 'जेमिनी मॅन' (२०१९) १२० फ्रेमवर घेतला गेला, तिथे फ्रेम खऱ्या होत्या. प्रेक्षकांना तो चकचकीत गुळगुळीतपणा रुचला नाही, हा भाग वेगळा. खेळाच्या प्रक्षेपणाला, संगणकाच्या पडद्याच्या चित्रणाला आणि गेमला ५०-६० फ्रेम नक्कीच हव्यात. कथेला त्या हव्यातच असे मला वाटत नाही.

संगणकाच्या दमण्याबद्दल थोडेच पुरे. प्रिव्ह्यूमध्ये दिसणारा धक्का एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये नसेल, तर तो धक्काच नाही. प्रॉक्सी, म्हणजे क्लिपची हलकी प्रत, करा, तेवढा भाग रेंडर करून पाहा आणि पुढे चला. शंका असेल तेव्हा एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडून बाणाच्या कळीने एकेक फ्रेम सरकवावी. फ्रेम दोनदा आली किंवा गळली तर दोष फ्रेमरेटचा, वस्तू थांबून-थांबून पिक्सेलभर उडाली तर गोळाबेरजेचा, आणि दोन्ही नसूनही खटकत असेल तर आलेखाचा.

व्हिडिओ संकलन शिकवणारे वर्ग आता तालुक्याच्या गावीही आहेत. तिथल्या शिक्षकांना एक विनंती: ट्रान्झिशनचे तयार पॅक वाटण्याआधी विद्यार्थ्यांना एक चेंडू उसळवायला लावा. वरच्या टोकाला तो रेंगाळतो, जमिनीला मात्र पूर्ण वेगाने भिडतो, तिथे इज चालत नाही. त्यामुळे इज कुठे हवा आणि कुठे नको, दोन्ही त्या एका स्वाध्यायात शिकून होते. ब्लर बंद, टाइमलाइन २५ ची, आणि ग्राफ एडिटर उघडा. चेंडूला वजन आले की मगच पुढचा धडा घ्या.